खोबरेल, मुठेल, करंजेल: अंगाला तेल लावल्यावर नेमकं होतं काय?

खोबरेल तेल खायचं की डोक्याला लावायचं, हा प्रश्न आपल्याकडे थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१८ साली दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत होईना, म्हणून प्रकरण तिघांपुढे गेलं आणि १८ डिसेंबर २०२४ ला निकाल लागला. खोबरेल लहान बाटलीत भरलं एवढ्यावरून ते 'केसांचं तेल' ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. भांडण अर्थातच कराचं होतं. मूळ वाद जुन्या उत्पादन शुल्काचा, पण निकालाच्या वेळी खाद्यतेलाला जीएसटी ५ टक्के आणि केसांच्या तेलाला १८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचं तेलही ५ टक्क्यांत आलं, त्यामुळे पुढचा हिशेब तरी सुटला.

न्यायालयापुढे नसलेला प्रश्न मात्र घरोघरी रोज विचारला जातो. हे तेल अंगाला लावलं की होतं काय? मोबाइलवर कुणी नुसत्या खोबरेलाने सुरकुत्या घालवून दाखवतं, आणि त्वचेचे डॉक्टर म्हणतात, आधी चेहऱ्याचं तेल बंद करा. दोघांचं ऐकणाऱ्याने करायचं काय?

मी एकच गोष्ट धरून बसलोय: तेल म्हणजे झाकण. ते त्वचेला पाणी देत नाही, खाऊ घालत नाही, रोग तर क्वचितच बरा करतं. हे एकदा पटलं की कुठलं तेल कुठे लावायचं आणि कुठे अजिबात नाही, याचा बराचसा उलगडा आपोआप होतो.

माठ, बरणी आणि चिऱ्याची भिंत

माठातलं पाणी गार का होतं, हे शाळेत शिकलेलं असतं. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं आणि हवेत उडून जातं. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीतून काही झिरपत नाही, कारण तिच्यावर चकाकी असते. आपली त्वचा या दोघांच्या मधली आहे. घाम धरला नाही तरी तिच्यातून दिवसाला साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन जातं. कुणाच्या लक्षातही येत नाही.

याहून जास्त जात नाही, याचं श्रेय त्वचेच्या सगळ्यात वरच्या थराला. तळवे सोडले तर तो केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीसारखा दिसतो. मेलेल्या, चपट्या पेशी म्हणजे चिरे आणि त्यांच्या मधला स्निग्ध पदार्थ म्हणजे दरजांमध्ये भरलेला चुना. चिरा कितीही पक्का असो, दरजा मोकळ्या झाल्या की भिंत गळते. साबण, गरम पाणी, थंडी, कोरडा वारा आणि वय ही सगळी मंडळी हा चुना खरवडत असतात. अंगावर पांढुरक्या रेघा उठतात, त्वचा ताणल्यासारखी वाटते, खाज येते, म्हणजे भिंत गळायला लागली.

इथे तेल दोन कामं करतं. वरून पातळ पापुद्रा धरून वाफ अडवतं, आणि चिऱ्यांच्या उचललेल्या कडा खाली बसवून हाताला मऊपणा देतं. पाणी मात्र त्यात थेंबभरही नसतं. म्हणून कोरड्या ठणठणीत अंगाला तेल चोपडलं की चकाकी येते, पण आतला कोरडेपणा तसाच राहतो. आंघोळीनंतर अंग नुसतं टिपून, ते दमट असतानाच तेल लावायचं, ते याचसाठी. भांड्यात काही असेल तर झाकणाला अर्थ.

सगळी तेलं सारखी नाहीत

कुठल्याही बियाचं तेल म्हणजे मुख्यतः मेदाम्लं. मेदाम्ल म्हणजे स्निग्ध पदार्थाची लांबट साखळी, बस. काही साखळ्या काठीसारख्या सरळ असतात, त्या एकमेकींना चिकटून रचल्या जातात आणि तेल घट्ट होतं. काहींना मध्येच वाक असतो, त्या नीट रचल्या जात नाहीत आणि तेल पातळ राहतं.

खोबरेलात आखूड आणि सरळ साखळ्या भरपूर. त्यातलं निम्म्याच्या जवळपास एकटं लॉरिक आम्ल असतं. म्हणून २४-२५ अंशांखाली ते गोठतं. पुण्यात डिसेंबरात सकाळी बाटली उन्हात ठेवायची, हा आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचा विधी. सरळ साखळ्यांचा आणखी एक फायदा म्हणजे असं तेल लवकर खवट होत नाही.

केसांच्या बाबतीत खोबरेलाची एक गोष्ट खरोखर वेगळी आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल (पेट्रोलियमपासून काढलेलं) यांची तुलना केली होती. केस धुताना त्यातलं प्रथिन निघून जातं, ती गळती फक्त खोबरेलाने कमी झाली. आखूड, सरळ साखळी केसात शिरू शकते, हे त्यामागचं कारण. कंपनी खोबरेलच विकते, हे वाचताना ध्यानात ठेवायचं. पण निष्कर्ष रसायनशास्त्राला धरून आहे. केस नवे उगवतात किंवा लांब होतात असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तो मजकूर जाहिरातवाल्यांच्या पदरचा.

मुठेल

आता माझं आवडतं. माझ्या आजोळी, सावंतवाडीच्या बाजूला, फडताळात पिवळट पांढऱ्या रंगाची एक गोळी कागदात गुंडाळून ठेवलेली असायची. लहानपणी मला ती मेणाची वाटायची. ते मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल. कुणी भिरंडेल म्हणतं. आपल्या भाषेत तेलांच्या नावाच्या शेवटी हे 'एल' येतं: खोबरेल, एरंडेल, करंजेल, उंडेल. त्या 'एल'मध्ये तेल आधीच आलं, त्यामुळे 'खोबरेल तेल' म्हणजे एकच गोष्ट दोनदा. आपण सगळेच म्हणतो, मीही वर म्हटलंय.

रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं आमसुलांसाठी जातात आणि बिया उरतात. त्या वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा आणि रात्रभर निवत ठेवायचा. सकाळी वर साय धरल्यासारखा स्निग्धाचा थर येतो. तो काढायचा आणि मुठीत दाबून गोळे वळायचे. मूठ आणि तेल, म्हणून मुठेल. गाळणं, शुद्ध करणं वगैरे पुढचं काही नाही.

या गोळ्याला मोल आहे ते त्यातल्या स्टिअरिक आम्लामुळे. लांब, सरळ साखळीचं हे आम्ल मुठेलात निम्म्याहून अधिक असतं, म्हणून मुठेल वितळायला ४० अंशांच्या आसपास जावं लागतं. खोबरेल हाताला लागताच पाणी होतं आणि पसरतं. मुठेल चोळलं तरी अर्धवटच वितळतं आणि जिथे लावलं तिथेच ठाण मांडून बसतं. चॉकलेटवाल्यांनाही हा गुण ठाऊक आहे. युरोपीय संघाच्या नियमात चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याबरोबर जे मोजके सहा वनस्पतीज स्निग्ध पदार्थ थोड्या प्रमाणात चालतात, त्यांत आपलं कोकम आहे आणि आंब्याच्या कोयीतलं तेलही.

टाचेला हेच हवं असतं. तळपायाच्या त्वचेत तेलाच्या ग्रंथी नसतात, एकही नाही. बाकी अंगाला घरचं तेल मिळतं, टाच त्याबाबतीत अनाथ. वर सगळ्या शरीराचा भार तिच्यावर. थर जाड होतो, सुकतो आणि चालताना ताण पडला की फाटतो. शेतात अनवाणी राबणाऱ्यांच्या भेगांतून रक्त यायचं. रात्री आजी कोमट पाण्यात पाय बुडवायची, पुसायची आणि दिव्यावर जरा ऊब दिलेली गोळी भेगेत चोळायची. आज त्वचेचे डॉक्टर जवळजवळ हेच सांगतात: भिजवा, टिपा, घट्ट मलम लावा, मोजे घाला. मोजे तेवढे आजीकडे नव्हते.

"आजीने तर आयुष्यभर चेहऱ्याला खोबरेलच लावलं"

लावलं असेल आणि तिचा चेहरा छानही असेल. पण टाचेचं उलटं टोक म्हणजे चेहरा. तेलाच्या ग्रंथींची गर्दी कपाळ, नाक आणि हनुवटी इथे सर्वांत जास्त. वयात येताना त्या जोरात कामाला लागतात, उतारवयात मंदावतात. बायकांमध्ये पाळी गेल्यावर तर फारच. साठीच्या आजीच्या चेहऱ्याला झाकण हवंच होतं. सोळा वर्षांच्या नातीचं भांडं आधीच काठोकाठ भरलेलं आणि वरून झाकलेलं. तिने त्यावर आणखी खोबरेल ओतलं तर मुरुमं वाढण्याचीच शक्यता जास्त. डोक्याला चपचपीत तेल लावणाऱ्यांच्या कपाळावर, केसांच्या कडेने बारीक पुळ्यांची रांग दिसते, ती यातलीच.

इंटरनेटवर तेलांना शून्य ते पाच असे 'रंध्रं बुजवण्याचे' गुण देणारे तक्ते फिरतात. खोबरेलाला बहुधा चार असतात. त्या तक्त्यांचं मूळ सशाच्या कानावर केलेल्या जुन्या चाचण्यांत आहे, आणि सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी हळवा. तेव्हा तो आकडा ब्रह्मवाक्य मानू नका. पण मुरुमं येणाऱ्याने चेहऱ्यावर जड तेल टाळावं, एवढा अर्थ त्यातून घेता येतो.

कोंड्याचं तर आणखी उलटं. "डोकं कोरडं पडलंय, तेल कमी पडतंय" म्हणून आपण कोंड्यावर तेल घालतो. कोंड्यामागे मॅलेसेझिया नावाची एक बुरशी असते. ती सगळ्यांच्याच डोक्यावर राहते आणि तिचं पोट तेलावरच भरतं. तेल लावून रात्रभर ठेवलं की खपल्या चिकटून बसतात, दिसेनाशा होतात आणि आपल्याला वाटतं, कोंडा गेला. खाली बुरशीची पंगत चालूच असते.

"पण नैसर्गिक आहे, त्रास कसा होईल?"

या आक्षेपाला मराठीतच तयार उत्तर आहे: बिब्बा. बिब्ब्याचं तेल पूर्णपणे नैसर्गिक, शंभर टक्के वनस्पतीज, आणि ते अंगावर 'उततं'. फोड येतात, पाणी सुटतं, कातडी भाजल्यासारखी होते. जुन्या बायका भेगेवर बिब्ब्याचा चटका देत, त्यातल्या कित्येकींच्या पायावर डाग कायमचे राहिले. काजूच्या टरफलातलं तेल याच घराण्यातलं. कोकणात काजूगर काढणाऱ्या बायकांचे हात त्याने काळे पडतात, सोलवटतात. म्हणून त्या हाताला राख नाहीतर दुसरं तेल चोळून मगच कामाला बसतात.

लिंबाचंही तसंच. खोबरेलात लिंबू पिळून चेहऱ्याला लावायचं आणि उन्हात जायचं, हा 'गोरं होण्याचा' उपाय अजून फिरतोय. लिंबाच्या जातीतल्या फळांत असे पदार्थ असतात की ऊन पडताच त्वचा भाजते आणि नंतर महिनोन्‌महिने काळे चट्टे राहतात. गोरं व्हायला गेलेल्याची चांगलीच जिरते.

करंजाच्या बियांचं करंजेल, उंडीच्या बियांचं उंडेल आणि निंबोळीचं तेल ही कडवट, उग्र वासाची मंडळी. ती खायची नाहीत. उंडेलाने दिवे जळत, होड्यांना ते चोपडलं जाई, सांध्यांना चोळलं जाई. हेच उंडेल पॅसिफिक बेटांवरचं 'तमानू' म्हणून नाजूक बाटलीतून आपल्याकडे परत येतं, तेव्हा किंमत पाहून मालवणी माणसाला घेरी यावी. जखमेवर त्याचा उपयोग होत असावा असे प्रयोगशाळेतले संकेत आहेत. त्याने अंगावर पुरळ उठल्याच्या नोंदीही आहेत. निंबोळीचं तेल आणि करंजेल पिकावरच्या किडीसाठी फवारतात, यातच काय ते आलं. पातळ करून, थोड्या जागेवर, मोठ्या माणसाने लावणं वेगळं. लहान मुलाच्या पोटात निंबोळीचं तेल गेलं तर गंभीर विषबाधा होऊ शकते, तेव्हा ती बाटली वरच्या फळीवर.

आणि गजकर्ण, तीही बुरशीच. गोल, कडेने लाल, खाजणारा चट्टा दिसला की गावाकडे करंजेल लावतात, शहरात मेडिकलमधून मिळेल ते मलम. त्या मलमात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, मग चट्टा दुप्पट होतो. करंजेलाने निदान तो बिघडत नाही, पण बरा होण्याची वाट बघत दोन महिने जातात आणि तोवर तो घरातल्या सगळ्यांना होतो. तिथे तेलाचं काम नाही.

तान्ह्या बाळाचं अंग

इथे तेलाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि तो आपल्याच उपखंडातला आहे. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचं तेल हलक्या हाताने लावून पाहिलं. अशा बाळांची त्वचेची भिंत अजून बांधून झालेलीच नसते आणि जंतू तिच्यातून आत शिरतात. तेल लावलेल्या बाळांमध्ये जंतुसंसर्ग कमी झाला आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी खाली आलं. सूर्यफुलाच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि आपली त्वचा दरजांतला चुना कालवायला तेच वापरते. म्हणजे इथे झाकण नुसतं झाकण राहत नाही, थोडं बांधकामालाही लागतं. सुरुवातीचं माझं विधान एवढ्यापुरतं सैल करायला हवं.

उलट, ऑलिव्हच्या तेलात वाकड्या साखळीचं ओलेइक आम्ल फार. ते चुन्यात घुसून तो विस्कटतं. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात निरोगी मोठ्या माणसांच्या त्वचेचीही भिंत त्याने कमकुवत झालेली दिसली. परदेशातली नातलग मंडळी बाळाला मुद्दाम ऑलिव्हच्या तेलाची बाटली आणतात, त्यांना हे जरा हळू आवाजात सांगावं लागतं.

खोबरेलाचंही पारडं जड आहे. २०१४ साली फिलिपिन्समधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इसब असलेल्या ११७ मुलांना आठ आठवडे खोबरेल किंवा खनिज तेल लावलं. खोबरेलवाल्यांचा त्रास सरासरी ६८ टक्क्यांनी उतरला, दुसऱ्या गटाचा ३८ टक्क्यांनी. ही सौम्य ते मध्यम इसब असलेली मुलं होती. पाणी वाहणारं, पिकलेलं इसब असेल तर तेलाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जायचं.

मालिश करणाऱ्या बाईला एक मात्र ठणकावून सांगा: कानात आणि नाकात तेल नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं आणि त्याने न्यूमोनिया होऊ शकतो. टाळूवर वाटीभर तेल जिरवण्याचाही काही उपयोग नाही. ती टाळू हाडं वाढली की आपली आपण भरते.

लाकडी घाणा, व्हर्जिन आणि आवेल

हल्ली प्रत्येक पेठेत लाकडी घाण्याचं दुकान आहे. घाण्याच्या तेलाला वास, रंग आणि थोडे जास्त नैसर्गिक घटक असतात हे खरं. मेदाम्लं मात्र तीच राहतात, आणि झाकणाचं काम मेदाम्लंच करतात. ओल्या नारळाचं दूध आटवून काढलेल्या तेलाला कोकणात आवेल म्हणतात. बाळासाठी ते घरी काढायची रीत होती. आज यंत्रावर, उष्णता कमी ठेवून काढलेलं तसलंच तेल 'व्हर्जिन' नावाने विकतात. वास सुरेख, टिकतंही चांगलं. पण २०२५ मध्ये खोबऱ्याचे भाव भडकले, तेव्हा महागड्या बाटलीच्या नादी न लागता साधं, शुद्ध, बिनभेसळीचं खोबरेल घेतलं तरी त्वचेचं काही अडत नाही. बाटलीवर खोबरेलाचं चित्र आणि मागे बारीक अक्षरात खनिज तेल पहिल्या क्रमांकावर, असा प्रकार असतो. तेवढं उलटून वाचा.

खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली म्हणजे विष, असंही नाही. वाफ अडवण्यात पेट्रोलियम जेलीच्या पासंगालाही कुठलं वनस्पतीज तेल पुरत नाही. तिला वास नाही, ती खवट होत नाही, ॲलर्जी जवळजवळ नाहीच. ज्याच्या अंगावर कुठल्याही तेलाने पुरळ येतं, त्याने लाज न बाळगता तीच वापरावी.

आणि ऊन. खोबरेलाने, तिळाच्या तेलाने ऊन अडतं असं सांगणारे आकडे प्रयोगशाळेतल्या काचपट्टीवरचे आहेत. घामेजल्या मानेवर तेलाचा तो पापुद्रा दुपारपर्यंतही राहत नाही. शेतात, स्कूटरवर, लोकलच्या खिडकीत बसताना सनस्क्रीन, नाहीतर टोपी आणि पूर्ण बाह्या.

मग लावायचं कसं?

नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि दोन दिवस थांबा. लाली किंवा खाज आली नाही तर पुढे. हातापायांना आंघोळीनंतर लगेच, दमट अंगावर, तळहातभर खोबरेल किंवा तिळाचं तेल पुरतं. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत तेही पावसाळ्यात नकोसं होतं, विदर्भात जानेवारीत दोनदा लागतं. काखा, जांघा आणि बोटांच्या बेचक्यांत तेल नको, तिथे आधीच ओल साचते आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. मधुमेह असलेल्यांनी टाचेच्या भेगा घरच्या घरी कोरायच्या नाहीत. भेग दिसली की पाय डॉक्टरला दाखवायचा, आणि ऊब दिलेली मुठेलाची गोळी तर मुळीच नाही, कारण बधिर पायाला चटका कळत नाही.

मुठेल हवं असेल तर मेच्या अखेरीस कोकणात जाणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा. गोळी दाबून पाहा, कडक हवी. वास कोकमासारखा आंबूस नसतो, जवळजवळ नसतोच. कागदात गुंडाळून अंधारात ठेवली तर पुढच्या हंगामापर्यंत बिघडत नाही.